टॅकेटच्या भिंतीतले डॉलर

अमेरिकेतल्या गार्डनरव्हिलमधल्या ग्रासियाना उगाल्देच्या नाण्यांच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी ओरडाच ऐकू यायचा, "कडेला धरा! कडेला!" गिऱ्हाईक नवं असो की जुनं, चांदीच्या डॉलरच्या तोंडावर कोणी बोट ठेवलं की बाई खेकसायचीच. तरुणपणी ती रेनोच्या एका कॅसिनोत कमरेला पट्टा बांधून नोटांच्या बदल्यात सुटे डॉलर वाटत फिरायची. तेव्हा हेच डॉलर लोक ओंजळीनं उधळायचे आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघायचं नाही. पुढे चांदी महागली, डॉलर बाजारातून दिसेनासे झाले आणि ज्यांनी ते दडवून ठेवले होते त्यांची नावं झाली. चांगलं वागून नाव कमावणारी माणसं आपण बघतो. हे बहाद्दर मेल्यावर तळघराच्या जोरावर कमावून गेले.

त्यातला सगळ्यांत गाजलेला ऑर्विल टॅकेट. एकटा राहणारा चिक्कू म्हातारा. तो गेल्यावर तळघराची भिंत फोडली तर आत पोत्यांची थप्पी, आणि पोत्यांत कोरे करकरीत डॉलर. ज्या कंपनीनं तो सगळा माल उचलला, तिनं एकेक डॉलर प्लास्टिकच्या चपट्या डबीत बंद केला आणि आत लाल चिठ्ठी घातली, 'टॅकेट साठा'. त्याच सालचा, त्याच टांकसाळीचा डॉलर, पण डबी शाबूत असली तर किंमत तिप्पट आणि फोडली की चारचौघांसारखा. ग्रासियानाला यात काही गैर वाटत नसे. "आमच्या बास्क लोकांत नाही का माणसाचं नाव विचारायच्या आधी घर विचारत?" ती म्हणायची. "तसंच हे. कुठल्या घरचं नाणं, ते महत्त्वाचं."

असेच मूठभर लाल चिठ्ठीवाले डॉलर तिनं दहा वर्षांपूर्वी पेल्लोकाकांच्या गळ्यात मारले होते. पेल्लो इबार्बिया तिच्या वडिलांच्या खाणावळीतला जुना मेंढपाळ. उन्हाळाभर डोंगरावर मेंढ्यांमागे, हिवाळाभर खाणावळीतल्या कोपऱ्यातल्या खोलीत. बँकेवर काडीचा भरवसा नव्हता. "मग हे घेऊन ठेवा," ती म्हणाली होती. "दहा वर्षांनी विका आणि मारिचूला भेटायला जा." मारिचू ही त्यांची एकुलती बहीण, तिकडे समुद्रापलीकडे, बास्क मुलखातल्या जुन्या गावात राहिलेली. काका विशीत अमेरिकेला आले ते परत गेलेच नव्हते. आता गावाहून आलेल्या एकानं निरोप आणला होता, की मारिचूची दृष्टी झपाट्यानं चाललीय. हिवाळ्यापर्यंत दिसेल, पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत.

म्हणून त्या सकाळी पेल्लोकाका कॉफीचा डबा घेऊन दुकानात आले आणि त्यांनी तो सरळ काचेवर उपडा केला. खणखणाट झाला.

"काका! डब्या कुठायत?"

"आहेत की. या पिशवीत. फेकतोय कशाला, मासेमारीचे गळ ठेवायला बऱ्या पडतात."

"पण फोडल्या कशाला?"

"मग पत्त्यांचा मुस कशानं खेळायचा? गुण मोजायला खडे नकोत? वर डोंगरात खडे मेंढ्यांच्या पायाखाली जातात. डॉलर कसे ठणठणीत वाजतात. सगळा कँप खूश होता."

"अहो, मी तुम्हाला बजावलं होतं, उघडू नका म्हणून!"

"चांदी आहे असं तू बजावलं होतंस. ती आहेच की. किंमत प्लास्टिकची असते हे कुठं बोललीस?"

तिनं भिंग लावून एकेक नाणं पाहिलं. दहा उन्हाळे पत्त्यांच्या डावात आपटून आपटून प्रत्येक नाण्यावरच्या बाईच्या गालावर चरे पडले होते. एवढी सगळी विकून काका फार तर न्यूयॉर्कपर्यंत पोचले असते, पुढे समुद्र होता. तिनं आकडा सांगितला. काकांनी बेरेट टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. ते बघून तिला भडभडून आलं. नीट समजावलं असतं तर ही वेळ आली नसती, हे तिला आतून टोचत होतं.

मग तिच्या डोक्यात एक युक्ती आली. शनिवारी सॅक्रामेंटोचा क्रँडल येणार होता. हा गडी फक्त गाजलेल्या साठ्यांतले डॉलर घ्यायचा, आणि मागाल तेवढे पैसे मोजायचा. डब्या तर खऱ्या होत्या, लाल चिठ्ठ्यांसकट, जोडावर सुरी घालून अलगद उघडलेल्या. त्याच सालांचे, त्याच टांकसाळीचे कोरे डॉलर तिच्या कप्प्यात पडून होते. ते डब्यांत घालून थोडा गोंद लावला की काम फत्ते. तिनं दार लोटून घेतलं आणि काकांना हळू आवाजात सगळं सांगितलं.

काकांनी ऐकून घेतलं. "ग्रेसी, मुसमध्ये हातात दोन राजे आले की जोडीदाराला काय खूण करतेस?"

"खालचा ओठ चावते. आत्ता मुस कुठं काढलात?"

"आणि राजे नसले तर चावतेस?"

"नाही."

"का नाही? तोंडानं तर थापा मारतेस. काही नसताना डाव वाढवतेस, समोरच्याला घाम फोडतेस."

"थापा चालतात. खूण खोटी चालत नाही."

"तुझ्या बापानं एकाला त्यापायी भरल्या टेबलावरून उठवलं होतं. मग ही लाल चिठ्ठी काय आहे?"

"आणि मारिचूचं काय?" ती चिडलीच.

"मारिचूपुढे जायचंय म्हणूनच सांगतोय."

शनिवारी तिनं डॉलर जसे होते तसे मांडले आणि शेजारी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'टॅकेट साठ्यातले. डब्या फोडलेल्या. मेंढ्यांच्या कँपात मुस खेळून झिजलेले.' क्रँडल ते वाचून खो खो हसला. मग त्याची नजर पिशवीकडे गेली.

"बाई, या रिकाम्या डब्या मी घेतो. नाण्यांपेक्षा जास्त देईन."

"कशाला हव्यात?"

"येतात कामाला," तो खांदे उडवून म्हणाला. "असू द्याव्यात चार जवळ."

काकांना इंग्रजी अर्धवटच कळायचं. ग्रासियानानं बास्क भाषेत सांगितलं. काकांनी पिशवी जमिनीवर रिकामी केली आणि मेंढपाळाच्या जाडजूड बुटांनी सावकाश, एकही न चुकवता, सगळ्या डब्यांचा चुरा केला.

क्रँडलचा आ वासलेलाच राहिला. "यांना वेड लागलंय का?"

"नाही," ग्रासियाना म्हणाली, "पैशांची नड आहे."

ती आत गेली आणि तिजोरीतून एक डबी घेऊन आली. कार्सन सिटीच्या टांकसाळीचा, हाती लागायला कठीण सालचा, टॅकेटच्याच भिंतीतला डॉलर. दुकानाच्या पहिल्या कमाईत तिनं तो स्वतःसाठी घेतला होता आणि विकायचाच नव्हता म्हणून त्यावर किंमतही घातली नव्हती. आता घातली, आणि चांगली सणसणीत घातली.

"दरपत्रकात याची किंमत बरीच कमी आहे," क्रँडल कुरकुरला.

"दरपत्रक लिहिणारा आज इथं नव्हता. तुमच्या घरी ज्या लाल चिठ्ठ्या आहेत क्रँडलसाहेब, त्यातल्या किती डब्या अशा 'कामाला' आल्या असतील?"

क्रँडलचं हसू मावळलं. त्यानं डबी उजेडात धरून जोड बघितला, मग चुऱ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. आणि घासाघीस न करता चेक लिहिला.

तो गेल्यावर काका तटकन म्हणाले, "तुझे पैसे मला नकोत."

"तुम्हाला देतंय कोण? आईचं गाव मी अजून बघितलेलं नाही. दोन तिकिटं काढणार आहे. वाट दाखवायला माणूस लागेल."

"वाट बदलली असेल गं."

"मग दोघं मिळून चुकू."

तिकडे संध्याकाळ झाली असणार असा हिशेब करून तिनं दुकानातूनच फोन लावला आणि रिसीव्हर काकांच्या कानाला टेकवला. इतका मोठा आवाज, की पलीकडचं तिलाही ऐकू येत होतं.

"कोण?"

"पेल्लो."

"कुठला पेल्लो?"

"तुझाच गं."

तार तुटली की काय असं ग्रासियानाला वाटलं. मग म्हातारीनं नाक ओढलं.

"येतोयस?"

"पुढच्या महिन्यात."

"ये. आणि दाढी करून ये. तोंड नीट बघायचंय मला तुझं."

पेल्लोकाकांनी फोन ठेवला. थोडा वेळ ते गालावरून हात फिरवत उभे राहिले. मग त्यांनी ग्रासियानाला विचारलं, शनिवारी न्हावी किती वाजेपर्यंत उघडा असतो.