देवापुढचा दिवा आणि न लागलेला निळा लाईट

मंडळी, धावत्या रिक्षात टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या.

मी देवघरासाठी चार्जिंगचे एलईडी दिवे बनवते. आत लिथियमची बॅटरी आणि ती चार्ज करणारी नखाएवढी चिप. चार्जिंग चालू असताना लाल लाईट लागतो. फुल्ल झाली की चिप स्वतःच थांबते आणि निळा लागतो.

आज खालच्या मजल्यावरच्या परबकाकूंनी हाक मारली, "अगो, हो तुझो दिवो बघ, चटके देता!"

बॅटरी टम्म फुगली होती. पिन काढून दिवा बाल्कनीत नेऊन ठेवला.

"काकू, चार्जिंगला लावताना दिवा बंद करा म्हटलं होतं ना?"

"देवासमोरचो दिवो कोण बंद करता गो?"

आणि मीही देव मानणारीच बाई! हे मला सुचू नये? आत जाणारा करंट कमी झाला की बॅटरी भरली असं चिप धरते; इथे दिवाच करंट खात राहिला, त्यामुळे बॅटरी भरलीय हे चिपला कळलंच नाही. आठवडाभर लाल लाईट तसाच.

असे अजून तीन दिवे दिलेत. दोघांनी फोनवर बोलतानाच पिन काढली. भांडुपची आत्या फोन उचलत नाहीये. रिक्षातून तिच्याकडेच चाललेय.

तुमच्या देवघरात आहे का असा दिवा? आधी पिन काढा यार. देवाची माफी मी मागतेय.