चांगल्या इंजनातला खटका

हे मी आजवर कोनाले सांगतलं नाई. मायले नाई, शोभाताईले नाई, पानठेल्यावरच्या पोराईले तं नाईच नाई — त्याईले सांगतलं असतं तं ते हसले असते, अन् मंग मीबी हसलो असतो. तेच मले नको होतं. तू हसू नको म्हनत नाई. हसाचं असन तं हस.

आंधळगावात मले सारे 'टेप' म्हनतात. शाळेपासून. हेडसराचा खोकला, ग्रामपंचायतीचा भोंगा, यष्टीच्या कंडक्टरचं "चला मोहाडी मोहाडी मोहाडी", व्याताना बकरी कशी वरडते ते — एकदा आयकलं का माह्या तोंडात बसते. एक डाव हेडसराच्या आवाजात सुट्टी देऊन टाकली होती मी. अर्धी शाळा घरी! त्याचा मार पाठीले अजून आठवते. आता लग्नात, गनपतीत, शंकरपटात — बैलाईच्या शर्यतीत — लोकं मले माईकवर बोलावतात.

पन एक आवाज असा आहे का मी तो कोनासमोर काढत नाई. अन् एक असा आहे का एकाच दुपारी काढला. दोनी एकाच इंजनाचे.

कोठून सुरू करू? इंजनापासूनच करतो. सोपं आहे ते.

माह्या आज्यानं नाकाडोंगरीकडच्या खदानीतल्या एका साहेबाची जुनी विलायती मोटार घेतली होती. आज्याले मोटार चालवता येत नव्हती, पन घेतली. तिचा पत्रा सडला, भंगारात गेला, सीटवर कोंबड्याईनं अंडे देल्ले. इंजन तेवढं माह्या मोठेबाबानं — म्हंजे माह्या बापाच्या मोठ्या भावानं — काढून सागाच्या चौकटीवर बसवलं. त्याच्यावर धान भरडलं, तलावाचं पानी धानाच्या बांध्याईले देल्लं. मंग पान्यासाठी लाइटीची मोटार आली, अन् इंजन गोठ्याच्या बाजूच्या कोठ्यात पोत्याखाली जाऊन बसलं. मी तेव्हा रांगत होतो म्हनतात. म्हंजे ते चालताना मी कधी आयकलंच नव्हतं. एवढं ध्यानात ठेव.

मोठेबाबा ते चालू काहून करत नव्हते, हे मले लय उशिरा समजलं. शेवटच्या दिवशी ते तेल पाहाले विसरले होते. इंजन असं तापलं का हात लावता येईना. बंद केलं, पोतं टाकलं, अन् मंग कधी हँडलच मारलं नाई. "भेव वाटे गा," मले म्हनले. "चालू केलं अन् खटका आयकू आला तं?" खटका म्हंजे आतलं बेरिंग खाल्लं गेलं का ठक्-ठक् होते, तो. इंजनाचा मोठा रोग. आपन इंजन मारलं का नाई मारलं, हे मानसानं इतके वर्षं आयकलंच नाई — भेवानं.

माहा बाप मी लहान असतानाच गेला. मले सायकल मोठेबाबानं शिकवली. पोहाले त्याईनंच शिकवलं. अन् पयली नक्कल — तलावावरच्या टिटवीची — तेबी त्याईचीच. तलावाच्या पारीवर, बांधावर बसून दोघं टिटवीले भांडाले लावू. हे काहून सांगतो? उगाच नाई सांगत.

मोठीआई, मोठेबाबाची बायको, गेल्यावर घरात आमी तिघं. मी, माय अन् मोठेबाबा. एकच पोरगी त्याईले, शोभाताई, ती सिहोऱ्याले देल्ली. मंग मोठेबाबा तलावाच्या पारीवरून घसरले, कंबरेचं हाड मोडलं. दवाखान्यातून ताईनं त्याईले तिच्याच घरी नेलं. खाटेवरच सारं.

अशात नागपूरचा एक मानूस आला. जुन्या मोटारीचा शौकीन. त्याच्याकडं डिट्टो तशीच मोटार होती, बिना इंजनाची. विकता का म्हने. आज्यानं इंजन माह्या नावानं सांगून ठेवलं होतं, पयला नातू म्हनून. पन मोठेबाबाले विचारल्याबिगर कसं? मी सिहोऱ्याले गेलो.

मले वाटलं, म्हनतीन तुही मर्जी. तं हे उशीवर कोपर टेकून उठून बसाले पाहू लागले.

"बाबू, पयले चालू कर. फोनवर आयकव मले. चांगलं असन तं विकू नको. आपन दोघं खोलू त्याले. पुरं. बोल्ट न् बोल्ट. मी खुर्चीवर बसून सांगत जाईन, तू करत जाशीन."

"अन् खटका निघाला तं?"

"तं देऊन टाक. मेलेलं इंजन घरात ठेवून काय करतं?"

भाऊजी, ताईचा नवरा, दारातून म्हनले, "मामाजी, खुर्ची आंधळगावले अन् तुमी येथी. खुर्ची एकटीच सांगन का?"

"मी जाईन ना तिकडं! इंजन खोलाचं म्हनलं तं घरीच राहा लागन ना मले." अन् हासले. ताई खाली पाहून तांदूळ निवडत राहिली.

समजलं ना तुले? जावयाच्या घरी पडून राहनं त्याईले किती लागत होतं, हे तेथी साऱ्याईले माहीत होतं. 'मले घरी ने' म्हनाची त्याईची हिंमत नव्हती. इंजनाच्या आडून म्हनत होते.

घरी येऊन मायले सांगतलं. तिनं इचारबी नाई केला. "येऊ दे ना मंग. आपलंच मानूस आहे. रांधाचं मी पाहीन, त्याईचं अंग धुवाचं तू पाय."

येथी थांबतो जराक.

मी साऱ्याईले सांगत आलो का माईक-स्पीकर घ्याचे होते म्हनून इंजन विकलं. घेतलेबी. लोकाईले पटलं. मलेबी कधी कधी पटते. पन ते कारन नव्हतं.

मी इमानदारीनं कामाले लागलो होतो, हे सांगतो. बढाई नाई मारत. प्लगाच्या भोकातून तेल सोडलं, काही दिवस मुरू देल्लं, पाना लावून हळूहळू फिरवलं. कारबोरेटर धुतलं, ताजं पेट्रोल टाकलं. अन् एका दुपारी हँडल मारलं. खोकललं. अजून मारलं — अन् धरलं ना इंजनानं! काळा धूर, कोंबड्या पळाल्या, माय आंगनातून वरडली, "घर जाळतं का रे मेल्या?"

मंग ते बसलं चालीवर. मोठेबाबा पान्याच्या मोटारीले करत तसा मी पेचकस इंजनाले टेकवला अन् त्याची मूठ कानाले लावली. खटका? कोठी खटका? गुमान चालून राहिलं होतं. अन् त्या चालीत, मधातच, एक घुटका होता. चहा पेताना मानसाचा गळा कसा हालते, तसा. चार ठोके, अन् हलकासा घुटका. चार ठोके, घुटका. मी तेथीच बसून गेलो. मोठेबाबानं काहीच मारलं नव्हतं. इतके वर्षं उगाच भेले.

मंग फोन लावला. त्याईचा बटनवाला फोन, त्याच्यात काही दिसत नाई, आवाजच जाते.

"झालं चालू?"

"हाव."

"जवळ धर. धर ना गा!"

तेवढ्यात माह्या डोळ्यासमोर काय आलं सांगू? सिहोऱ्याच्या न्हानीतला पाट. ताई तापानं पडली होती तेव्हा मीच मोठेबाबाचं अंग धुतलं होतं. त्याईनं सदऱ्याचं टोक दोनी हातानं खाली धरून ठेवलं होतं, अन् भिंतीकडं पाहात होते. मी भाऊजीची नक्कल करून हसवत होतो — अन् श्वास तोंडानं घेत होतो. वासानं. मंग पानठेल्यावर येऊन त्याईचं खाटेवर कण्हनं पोराईले करून दाखवलं. पोरं लय हसले.

हे आता रोज? रोज सकाळी? अन् शंकरपटाचं काय, लग्नाईचं काय? एवढंच आलं मनात. यापेक्षा मोठं काहीच नाई. राग नव्हता, भांडन नव्हतं. मले त्याईचं अंग धुवाचं नव्हतं.

फोन मी इंजनाजवळ नेलाच नाई. हाताची ओंजळ करून तोंडाजवळ धरला. इंजन मागं चालूच होतं. अन् मी जीभ टाळूले मारली — ठक्. ठक्. बरोब्बर त्या घुटक्यावर. घुटका झाकला गेला पाहिजे, असा.

जीभ आपोआप गेली, असं म्हनता येते. नाई गेली. मी मारली.

मंग म्हनले, "अजून एक डाव."

मी अजून केलं. पयल्यापेक्षा सफाईनं.

"बंद कर, बाबू," ते म्हनले. "दुखून राहिलं त्याले."

मी बंद केलं.

"माह्याच हातानं झालं. त्या दिवशी तेल पायलं असतं तं..." "देऊन टाक त्या मानसाले. जाऊ दे."

तेव्हाबी सांगता आलं असतं ना? 'गंमत केली मोठेबाबा, टेप आहे ना मी!' त्याईनं शिव्या घातल्या असत्या अन् हासले असते. अन् दुसऱ्या दिवशी मी त्याईले आनाले गेलो असतो. मी म्हनलं, "बरं."

नागपूरवाला आला, त्यानं चालू करून पायलं अन् माह्या तोंडाकडं पाहू लागला. "इतकं चांगलं काहून विकून राहिले तुमी?" मी त्याच्याच आवाजात काहीतरी बोलून त्याले हसवलं. टेम्पो निघून गेला.

मोठेबाबा अजून सिहोऱ्यालेच आहेत. जो भेटाले येईन त्याले सांगतात, माह्या बापाचं इंजन मी मारलं. तेल नाई पायलं. भाऊजी म्हनतात, "झालं ना आता मामाजी." अन् मी खाटेच्या पायथ्याशी बसून — आयकतो. 'तुमचा काय दोष त्याच्यात' असंबी म्हनतो. तेबी माह्याच तोंडानं.

गेल्या पोळ्याले गेलो होतो. ताईचे पोरं मांगं लागले, मामा आवाज काढ, मामा आवाज काढ. काढले. कंडक्टर, भोंगा, टिटवी. टिटवीवर मोठेबाबा खुश. म्हने, "आता आपल्या इंजनाचा काढ गा. खटक्याच्या पयलेचा. चांगला."

सारे माह्या तोंडाकडं. अन् तोंडात तो होताच. असा जिभेवर. पन जसा आहे तसा काढला असता तं मोठेबाबा तेथल्या तेथी समजले असते. चांगलं चालताना मी ते आयकलं कधी? एका दुपारीच तं आयकलं ना — अन् त्या दुपारी तं त्याच्यात खटका होता.

मी ट्रॅक्टर काढला. जाडाभरडा, थुंकी उडवत. पोरं हसले.

मोठेबाबानं मुंडी हालवली. "नाई गा. त्याच्यात मधातच एक गोष्ट होती. सांगून नाई समजत ते." मंग माह्या पाठीवर हात ठेवला. "तुही चूक नाई, बाबू. तू आयकाच्या पयलेच मी मारलं ते."

पोरं म्हने, मामा अजून. मी अजून ट्रॅक्टर काढला.

सिहोऱ्यावरून फटफटीवर येताना मी हेल्मेट घालतो. काच खाली करतो. अन् काढतो. चार ठोके, घुटका. चार ठोके, घुटका. अजूनबी बरोब्बर निघते. गाव जवळ आलं का बंद करतो.