फिल्टरच्या डब्यावरची मुलगी

माझा चेहरा मी गटारात पाहिला आहे, ट्रकच्या चाकाखाली पाहिला आहे, आणि एकदा त्याच्यावर एक टेम्पोवाला पान खाऊन थुंकतानाही पाहिला आहे. सुरतेत उधन्यापासून बमरोलीपर्यंत रस्त्याच्या कडेला जिथे जिथे गाड्यांचं तेल बदलत, तिथे मी पडलेली असायची. आमच्या आबांनी यंत्रमागावरची नोकरी सोडून इंजिन ऑइलच्या फिल्टरचा धंदा काढला आणि डब्यावर माझा पाच वर्षांची असतानाचा फोटो छापला. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि फोटोवाल्याने "हस, हस" म्हणून भंडावल्यामुळे रडायच्या बेतात आलेलं तोंड. देवाचा फोटो का नाही छापला, असं मायने विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "देवना फोटो गटारमा पडना ते पाप लागस." पोरीचा पडला तर लागत नाही, असा त्यांचा शास्त्रार्थ होता.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. बमरोलीत दोन खोल्या होत्या, मागची राहायची आणि पुढची धंद्याची, आणि मागच्या खोलीला लागून पत्र्याचं स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत कागदाचा मोठा रोल, पत्र्याच्या टोप्या, भोकं पाडलेल्या नळ्या आणि गम तापवायची शेगडी. फिल्टर म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. कागदाला उभ्या घड्या घालायच्या, तो नळीभोवती गुंडाळायचा, वरखाली टोपी चिकटवायची आणि भट्टीत भाजायचा. इंजिनातलं तेल त्या घड्यांमधून जातं, त्यातला कचरा कागदात अडकतो आणि तेल स्वच्छ होऊन पुढे जातं. कागद चांगला असला तर इंजिन जगतं. कागद वाईट असला तर तो गरम तेलात भिजून फाटतो, त्याचाच लगदा तेलाच्या वाटेत अडकतो आणि इंजिन बसतं. सगळी गोम कागदात असते, आणि कागद डब्याच्या आत असतो.

घड्या मी घालायची, बारा वर्षांची असल्यापासून. शाळेत पोरं मला नावाने नाही, "ए फिल्टर" म्हणूनच हाका मारत. चांगला माल कोणता हे मला कोणी शिकवलं नाही, बोटांनीच कळलं. भाजलेला चांगला कागद खडखड वाजतो. घडी नखाने दाबली तर सोडल्यावर पुन्हा उभी राहते, आणि उजेडात धरला तर टाचणीएवढंही भोक दिसत नाही. त्याची कडा बोटाला कापते. पहिली पाच वर्षं माझी बोटं कापलेली असायची आणि आमचा माल नावाजलेला होता. ड्रायव्हर दुकानात येऊन नाव घेत नसत, "पेली छोकरीवाळो आपो", तो पोरगीवाला द्या, असं म्हणत. त्या छोकरीला आबा घरात जेवायला शेवटी बसवत, हा भाग वेगळा.

मग बाहेरून चकचकीत डब्यांतला स्वस्त माल आला. ड्रायव्हर मंडळी फिल्टर हातावर उडवून वजन बघत, म्हणून त्या लोकांनी पत्रा जाड केला आणि कागद पातळ. वजन तेच. आमचा दुकानदार आबांना म्हणाला, "काका, पेपर कोण जुए छे? बधा डब्बो जुए छे." कागद कोणी बघत नाही, सगळे डबा बघतात, या एका वाक्यावर आबांनी एवढी वर्षं जे केलं ते सोडून दिलं. आधी घड्या विरळ झाल्या, मग गम कमी झाला, आणि एक दिवस दुसराच रोल घरात आला. त्याला हात लावला आणि मला कळलं. जुन्या धोतरासारखा मऊ होता. माझी बोटं कापायची थांबली. मी म्हटलं, "आबा, हा टिकायचा नाही." ते म्हणाले, "इंजिनले तोंड ऱ्हास का बोलाले?" आणि मला कामाला लावलं. आबा वाईट होते असं मी म्हणणार नाही. ते हिशेबी होते, आणि त्या हिशेबात घरातलं कोणीच सुटत नव्हतं.

मला त्या घरातून सुटायचं होतं. गमाचा वास केसांत, ताटात, उशीत. एकोणीस वर्षांची झाले तेव्हा दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोन्ही नाकारून गेली होती. तिसरं स्थळ आलं ते मला मनापासून हवं होतं. मुलगा इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटावर होता, त्याची स्वतःची खोली होती. खानदेशातल्याच एका लग्नात मी त्याला पाहिलं होतं. पंगतीत वाढताना त्याने मला विचारून वाढलं होतं, आणखी हवंय का म्हणून. मला तोवर असं कोणी विचारलं नव्हतं. एवढ्यावर मी त्याच्याशी लग्न करायला तयार होते. हसायचं त्यांनी हसावं.

बघायला चौघं आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. मामाचं चलथाणला रस्त्याकाठी गॅरेज होतं, उसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो यांचं. घरातलं सगळं मामाच्या शब्दावर चालतं, हे मुलाच्या आईच्या बसण्यावरूनच कळत होतं. माय आत कांद्याची भजी तळत होती. मी पदर घेऊन बशा ठेवल्या. नेहमीचे प्रश्न झाले. मग मामा म्हणाला, "हात दखाड."

मी हात पुढे केले. नखांच्या कडेला गम वाळलेला होता, कितीही घासला तरी जात नसे.

"कागदना घड्या तूच घालस?"

"हो," मी म्हटलं. मला वाटलं, कामाची पोरगी आहे हे त्याला दिसेल. अभिमानच वाटला मला. इतकी मी खुळी.

"मंग आपुन तुनं काम दखू," तो म्हणाला आणि आबांकडे वळला. "पाव्हना, एक फिल्टर द्या. आन् करवतनं पातं."

आबांचा चेहरा पडला. पण ते कसलेले होते. मला म्हणाले, "जाय, आतून लई ये." आणि डोळ्यांनी देव्हाऱ्याकडे खूण केली. देव्हाऱ्यात आमचा पहिला फिल्टर ठेवलेला होता, जुन्या कागदाचा, डब्यासकट. दर दसऱ्याला माय त्याची पूजा करायची. मी तो उचलला तेव्हा माझ्या लक्षात आलं की डब्यावरच्या माझ्या फोटोच्या कपाळाला एवढ्या वर्षांचं कुंकू आहे. पदराने पुसलं. पुसल्यावर ते निघालं नाही, पसरलं. डब्यावरच्या पोरीचं सगळं तोंड लाल झालं. तसाच नेऊन दिला, दुसरं काय करणार?

मामाने डबा हातात फिरवला आणि हसला. "हाउ देवना शे, पाव्हना. धंदाना आना."

मुलाचे वडील हसले. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मामा स्वतः उठला, पुढच्या खोलीत गेला आणि दुकानात जायला बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यातून एक डबा काढून घेऊन आला. आमच्याच परातीत ठेवून त्याने तो फिल्टर आमच्याच पात्याने कापला. टोप्या बाजूला केल्या, कागद सोडवला आणि जमिनीवर लांबच लांब पसरला. मी घातलेल्या घड्या एकेक करून सगळ्यांसमोर उलगडल्या. मी तिथेच उभी होते. मला बसायला कोणी सांगितलं नव्हतं आणि आत जायलाही.

"घड्या सरळ शेतस," मामा म्हणाला. "पोरगीना हात चांगला शे." माझ्या जिवात जीव आला. मग तो स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "ओ बहीन, ती कढई आठे आना."

मायला कळेना. तिने आबांकडे पाहिलं. आबा छताकडे बघत होते. शेवटी माय उकळत्या तेलाची कढई फडक्याने धरून घेऊन आली आणि पाहुण्यांच्या मधोमध ठेवली. मामाने कागदाचा तुकडा चिमट्यात धरला आणि भज्यांच्या तेलात बुडवला. मी देवाचा धावा करत होते आणि मला पक्कं माहीत होतं की काही उपयोग नाही, कारण तो कागद देवापेक्षा मला जास्त ठाऊक होता.

थोड्या वेळाने त्याने चिमटा वर काढला. कागद लोंबत आला आणि अर्ध्यातून तुटून कढईत पडला.

"ल्या," मामा म्हणाला. "हाई इंजिनमा जास." मग आबांच्या तोंडाकडे बघून सावकाश म्हणाला, "जो आपली पोरना तोंडवर असा माल इकस, त्यानी पोर आम्ही कशी लेवानी?"

मी मुलाकडे पाहिलं. काही तरी बोल रे, एवढंच मला वाटत होतं. मी कागद आणला नव्हता, मी घड्या घातल्या होत्या आणि त्या सरळ होत्या, हे त्याच्या मामानेच सांगितलं होतं. मुलाने हातातलं भजं संपवलं, बोटं पुसली आणि म्हणाला, "मामा, निघू या. मला पाळी आहे." कारखान्याची पाळी. ते गेले. माय कढईपाशी बसून झाऱ्याने कागदाचे तुकडे काढत होती आणि तेल वाया गेलं, तेल वाया गेलं म्हणून रडत होती. तेलासाठी कोणी एवढं रडत नाही, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. आबा मला म्हणाले, "कुंकू धड पुसता आलं नाही तुला."

मामाचा मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर आदरही वाटला होता. कोणी तरी डबा फोडून आत पाहिलं होतं. जगात एक माणूस असा आहे ज्याला खोटा माल चालत नाही, असं मला वाटलं आणि त्या विचाराने मला थोडं बरंही वाटलं.

पंधरवड्याने मामा पुन्हा आला. मोटरसायकलवर, एकटाच. लांबून ओळखून माय आत धावली. "इचार बदलना वाटस," असं म्हणून तिने मला तोंड धुवायला लावलं, स्वतःच्या हाताने वेणी घातली. आबांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मी दाराआड उभी राहिले.

मामाने चहा घेतला. पावसापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "पाव्हना, उसना शिजन सुरू व्हयना. माले तुमना फिल्टर पाहिजे. दर महिनाले."

"चांगला कागदना बनाडू का?" आबांनी विचारलं.

"नही, नही," मामा म्हणाला. "तोच कागद ठेवा. मी दखेल शे ना तो. बराबर शे." आणि हसून म्हणाला, "गाडी परत नही उनी ते गॅरेज कसं चालीन?"

गाडी बिघडून परत आली तरच त्याचं गॅरेज चालणार होतं. म्हणजे त्या दिवशी तो कढईत बघत होता ते हेच. कागद किती दिवस टिकेल याचा अंदाज त्याने भज्यांच्या तेलात घेतला होता. त्याला तो पसंत पडला होता. नापसंत फक्त मी झाले होते.

"एक काम करा," उठता उठता तो म्हणाला. "फोटो काढी टाका. जी पोरले आम्ही नही म्हनं, तिना फोटो मना गॅरेजमा ठेवाना, बरं दिसस का?"

मी दाराआडून त्यांची पाठ बघत होते. ते नाही म्हणतील, या माणसाला उठवून बाहेर काढतील, एवढा क्षण मी त्यांना दिला होता.

"हुई जाई, पाव्हना," आबा म्हणाले.

छापलेले डबे हजारांनी शिल्लक होते. ते फेकायचे म्हणजे नुकसान, म्हणून आबांनी प्रेसमधून वाघाच्या तोंडाच्या चिठ्ठ्या छापून आणल्या, बरोबर माझ्या फोटोच्या मापाच्या. चिकटवायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. घरात माझ्याइतका सफाईदार हात कोणाचा नव्हता. मी मांडीवर डबा घ्यायची, चिठ्ठीला गम लावायची आणि त्या रडक्या तोंडावर वाघ बसवायची. आबा जाता येता गठ्ठा तपासत. एकदा एक डबा उचलून त्यांनी माझ्यासमोर धरला.

"कोपरा नीट दाब," ते म्हणाले. "एक डोळा दिसतोय."

मी अंगठा ठेवून दाबला.