कोठडीच्या दारातला माणूस

पुण्याहून कुणी आलं की मी त्यांना अल्काट्राझ बेटावरचा जुना तुरुंग दाखवायला नेतो. तिथला म्हातारा कर्मचारी मला आता ओळखतो. ‘अगेन?’ एवढंच विचारतो. हौशी पर्यटकांना कोठडीत उभं करून तो लिव्हर ओढतो, दार धाडकन लागतं, सगळे हसतात. ओढण्याआधी मात्र तो प्रत्येकाचा चेहरा नीट बघून घेतो.

परवा मी पुण्याहून आलेल्या काकांना म्हटलं, ‘‘काका, आत उभे राहा ना, मस्त फोटो येईल.’’ काका आत गेले. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि लिव्हर सोडून दिली.

‘‘नॉट हिम,’’ म्हणत त्याने काकांना हात धरून बाहेर आणलं.

आणीबाणीत काका येरवड्याच्या तुरुंगात होते. त्याला हे माहीत नव्हतं. मला होतं.