पंचावन्न हजारांची सीट

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, दुपारचे दोन. रक्कम अकरा हजार. हजर तिघे: माझा साडू, त्याचे बांधकरी तात्या आणि मी. ठिकाण पणजीच्या नदीत नांगर टाकून उभं असलेलं कॅसिनोचं जहाज.

साडू लासुर्ण्याचा, ऊसवाला. तात्यांचं रान त्याच्या रानाला लागून, मधला बांध एकच. दोघांची सावड वडिलांच्या वेळेपासूनची. म्हणजे ह्याच्या लागणीला त्यांची माणसं आणि त्यांच्या बांधणीला ह्याचा ट्रॅक्टर. मजुरी कोणी कोणाला देत नाही, दिवसाला दिवस फिटतो. मी बारामतीत राहतो आणि एका शाळेच्या कार्यालयात हिशोब बघतो. मला पत्ते येत नाहीत आणि त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही.

अकरा हजार मेहुणीचे होते. ती घरी पिको-फॉल करते, ब्लाउज शिवते. इंदापूरच्या एका दुकानात तिने भरतकामाचं मशीन ठरवलं होतं. किंमत अठ्ठावीस हजार, त्यातले दोन हजार बयाणा दिलेला. उरलेले सव्वीस हजार सोमवारी संध्याकाळपर्यंत आले नाहीत तर मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणार, असं दुकानदाराने बजावलं होतं. त्या मशीनच्या भरवशावर तिने लग्नाच्या दोन घरांचे ब्लाउज घेऊन ठेवले होते. आणि शुक्रवारी सकाळी तिचा मला फोन.

"दाजी, ह्यांनी कपाटातनं अकरा हजार उचलल्यात. गोव्याला निघाल्यात पत्ते खेळाय."

"मग अडव की."

"अडवून काय? दोन दिवस भिताडाकडं तोंड करून बसतील. तुमी संगं जावा. निदान उरल्यालं तरी माघारी आणा."

म्हणून मी तात्यांच्या गाडीत मागे बसलो. फलटण, सातारा, कोल्हापूर, आंबोली, एवढा सगळा रस्ता साडू मला पोकर शिकवत होता. मोबाइलवरचे पैशांचे खेळ सरकारने बंद केले, तोवर हे दोघे लासुर्ण्यात बसून हरत होते. घरबसल्या हरायची सोय गेल्यावर डिझेल जाळून हरायला जायचं ठरलं.

"सॅटेलाइट म्हंजे काय, पाव्हणं," साडू म्हणाला, "बारक्या पैशात मोठ्या खेळात शिरायची वाट. मोठ्या खेळाची फी पंचावन्न हजार. आपण साडेपाच हजारात बसायचं. पहिल्या चारात आलं की पंचावन्न हजाराची सीट आपली."

"म्हणजे पंचावन्न हजार हातात?"

"सीट वो. ती इकायची. कोणबी घील."

जहाजावर गेल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे काउंटरवरच्या बाईंना विचारलं. त्या गोड हसून म्हणाल्या, सीट ज्याने जिंकली त्याच्याच नावावर राहते, विकता येत नाही, बदल्यात रोख मिळत नाही. मोठा खेळ मंगळवारी. मी साडूला हे सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला.

"कारखान्याचा शेअर दुसऱ्याच्या नावावर व्हतो, तर सीट का न्हाय व्हणार? एक अर्ज दिला की झालं."

तात्यांनी मान डोलावली. "संचालकाला भेटू की. कोण हाय हितला संचालक?"

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. हरला तर पैसे जाणार आणि जिंकला तर मंगळवारपर्यंत गोव्यात राहणार. सोमवारी इंदापूरला पैसे पोचतील अशी एकही वाट त्या खेळातून निघत नव्हती. हे समजायला पत्ते यावे लागत नाहीत.

आणखी एक बेरीज मी तिथे उभ्या उभ्या केली. साडेपाच हजारांतले पाच हजार सीटांसाठी जमा होतात, वरचे पाचशे जहाजवाल्याचे. त्या दिवशी हरलेल्यांनी पुन्हा भरलेले धरून चव्वेचाळीस भरणे झाले. दोन लाख वीस हजारांच्या चार सीटा, आणि जहाजवाल्याला बावीस हजार सुटे. एवढ्या गर्दीत पैसे मिळणार हे ज्याचं ठरलेलं होतं, असा एकच माणूस होता, आणि तो पत्ते खेळत नव्हता. बाकीचे काळे चष्मे लावून, कानात बोंडं घालून, मोठ्या विचारात असल्यासारखे बसले होते. खोलीला खिडकी नाही, उन्हाचा कवडसा नाही, आणि तरी काळे चष्मे.

साडूचे पहिले साडेपाच हजार अर्ध्या तासात गेले. दोन राजे हाताशी होते म्हणाला. मी दोरीच्या अलीकडे उभा होतो, तिथे येऊन म्हणाला, "नशीब बघा, राजं असून गेलो."

"उरलेले दे इकडे."

"पाव्हणं, तुमी जरा सबूर करा. आत्ता टेबल कळलंय मला."

आणि दुसरे साडेपाच हजार भरून तो पुन्हा जाऊन बसला. टेबल कळायला साडेपाच हजार लागतात हे मला नवीन होतं.

तात्यांचं मात्र नवल. ते काही विचारच करत नव्हते. बरे पत्ते आले की लावायचे, नाहीतर टाकून द्यायचे, मधल्या वेळात बिसलेरी प्यायची. संध्याकाळी साडेसहाला पाच जण उरले तेव्हा पैशांच्या बदल्यात मिळालेल्या चकत्यांचा सगळ्यांत मोठा ढीग तात्यांपुढे होता. साडूही त्या पाचांत होता, पण त्याच्यापुढे जेमतेम मूठभर चकत्या. पाचांतला एक गेला की उरलेल्या चौघांना सारखीच सीट. पहिल्याला जास्त, चौथ्याला कमी असं काही नसतं. म्हणजे तात्यांनी त्यानंतर पत्ते उचलून बघितलेही नसते तरी त्यांची सीट पक्की होती. आणि चष्मेवाला एक पोरगा साडूइतकाच कंगाल झाला होता. तो आधी गेला असता तर साडूचंही जमलं असतं. नुसतं बसून राहायचं होतं.

पुढच्या डावाला पाळीची सक्तीची बोली साडूवर येत होती, त्यात त्याच्या उरलेल्या चकत्या जवळजवळ सगळ्याच जाणार होत्या. त्याचं तोंड उतरलं. तात्यांनी ते बघितलं. त्यांनी आपल्या ढिगातल्या दोन चळती दोन्ही तळव्यांत धरल्या आणि सगळ्यांसमोर टेबलावरून साडूपुढे सरकवल्या.

"घे मर्दा. मला एवढं काय करायचं? नडलं की फेड."

साडूने त्या घेतल्या आणि नीट रचायला लागला.

पत्ते वाटणारी मुलगी हात वर करून थिजली. "सर, ये क्या कर रहे हो?"

"काय क्या? माझंच हाय, त्याला दिलं," तात्या म्हणाले. "तुझ्या पेटीतलं न्हाय घेतलं."

कोट घातलेला व्यवस्थापक आला. तो सावंतवाडीकडचा निघाला, म्हणून निदान भाषेची अडचण नव्हती.

"काका, एकमेकांना चिप्स देता येत नाहीत."

"का बरं? आमची सावड हाय. इचारा लासुर्ण्यात."

"इथे त्याला संगनमत म्हणतात."

"संगनमत चोरून करत्यात. मी समद्यांच्या म्होरं दिलं की!"

इतका उघड गुन्हा त्या व्यवस्थापकाच्या नोकरीत झाला नसावा. पण नियम तो नियम. दोघांनाही खेळातून बाद केलं आणि दोघांच्या चकत्या उचलून नेल्या. राहिले तिघे, सीटा चार. मग चौथ्या सीटसाठी आधीच हरून गेलेल्या सहाव्या माणसाला शोधायला माणूस धाडला. तो जेवणाच्या टेबलापाशी सापडला. हातात पनीरची ताटली घेऊन आला आणि पंचावन्न हजारांची सीट घेऊन गेला. का मिळाली ते त्याला शेवटपर्यंत कळलं नसावं.

परतताना कराडला चहाला थांबलो. मग साडू म्हणाला, "तात्या, तुमी दिलंच न्हाय पायजे व्हतं."

"आणि तू घेतलंच न्हाय पायजे व्हतं. बोलू नगंस."

सोमवारी दुपारी आम्ही इंदापूरला त्या दुकानात. मेहुणी आधीच येऊन बाकावर बसली होती, पर्समध्ये पंधरा हजार. कमी पडत होते अकरा. साडूने मला बाजूला घेतलं.

"पाव्हणं, आत्तापुरतं तुमी भरा. सावड समजा."

"सावडीत माणूस घाम गाळतो," मी म्हणालो. "तू नुसता बसला होतास, तेही चुकीच्या ठिकाणी. माझ्याकडून एक रुपया नाही."

हे मेहुणीने ऐकलं. तिने नवऱ्यापुढे हात पसरला.

"फोन द्या."

"अगं, त्यात समदं..."

"त्यात काय हाय ते ठाव हाय मला. द्या."

शेजारच्या मोबाइलवाल्याने त्या फोनचे नऊ हजार दिले. राहिले दोन. ते तात्यांनी बंडीच्या खिशातून काढून काउंटरवर ठेवले. साडू म्हणाला, राहू द्या तात्या. तात्या म्हणाले, "गप. माझ्या हातानं बिघडलंय. माझ्या आडसाली उसाची लागण आली की चार दिस ये. दोन ह्याचं, दोन माझ्या बुडाल्याल्या साडेपाचाचं."

चार दिवसांत साडेसात हजार फिटत नाहीत हे मी तिथे बोललो नाही. तो त्यांच्या बांधावरचा हिशोब.

पावती मेहुणीच्या नावावर केली. दुकानदाराला मिळाले सव्वीस हजार: तिचे पंधरा, फोनचे नऊ, तात्यांचे दोन. जहाजावर त्याआधीच गेले होते साडूचे अकरा आणि तात्यांचे साडेपाच. मशीन गाडीत चढवायला हमालाने दीडशे मागितले. ते मी दिले.