विहारातल्या खोल्या आणि शेजारचं दार

मंडळी, आज इथे सौदीतल्या धाहरानमध्ये आमच्या मराठी मंडळात मी वेरूळच्या बौद्ध विहारांवर बोलले. पडद्यावर भिक्षूची खोली दाखवली. निजायला दगडी ओटा, एक दार, खिडकी नाही.

नुकतीच लग्न होऊन आलेली स्नेहा म्हणाली, "मावशी, अशा खोलीत मला वेड लागेल."

मी तिला विहाराचा नकाशा दाखवला. सगळ्या खोल्यांची दारं मधल्या एकाच दालनात उघडतात. कॉलेजात हे मी वाचलं होतं, पण उमगलं १९९१च्या आखाती युद्धात, इथेच. नवरा ड्यूटीवर, खिडक्यांना चिकटपट्ट्या आणि घरात मी एकटी. क्षेपणास्त्र हल्ल्याचा पहिला भोंगा वाजला आणि शेजारच्या, रत्नागिरीच्या जुबैदाभाभींनी दार ठोठावलं. "एकटी बसू नको, आमच्याकडे ये." युद्ध संपेपर्यंत प्रत्येक भोंग्याला मी त्यांच्याकडेच होते.

म्हणून आज ठामपणे सांगितलं, "त्या खोल्या माणसांना एकमेकांपासून तोडायला नव्हत्या. एकांत हवा तेव्हा आत जायचं, सोबत हवी तेव्हा दालनात यायचं."

निघताना स्नेहाने हळूच विचारलं, "मावशी, संध्याकाळी तुम्ही घरी असता का?"

उद्या ती चहाला येतेय. तुम्ही शेजारचं दार शेवटचं कधी ठोठावलंत?