फोटोतला बर्गर

माझी मालूमावशी हमरापूरला आपल्या कारखान्यात गणपती रंगवते. परवा मी तिला पेणला हायवेवरच्या बर्गरच्या दुकानात नेलं. तिनं बोर्डावरच्या फोटोकडं बोट करून तोच बर्गर मागितला. काउंटरवरची पोरगी म्हणाली, भाव नुसत्या बर्गरचा आहे. फोटोतलं चीज वेगळं, फ्राईज वेगळे, कोल्ड्रिंक वेगळं.

"मग फोटो लावलाय कशाला गो, आरती करायला?" असं म्हणून मावशी उपाशीच बाहेर पडली. हमरापूरला कारखान्यावर परत येईपर्यंत तिचं तोंड थांबलं नाय.

कारखान्यात एक गिऱ्हाईक सजवलेल्या गणपतीसमोर उभं होतं. त्यानं भाव विचारला. मावशीनं सांगितला आणि म्हणाली, "हा नुसत्या मूर्तीचा. फेटा वेगळा, धोतर वेगळं, खडे वेगळे."

मी तोंडही उघडलं नव्हतं, तरी ती माझ्यावर खेकसली, "तू गप रे."